मदत हवी आहे : पानगळीत शनिवार-रविवार तीव्र उताराच्या ओढ्यांवर कयाकिंग

नमस्कार मंडळी,

आमच्या कंपूने येत्या पानगळीत एक शनिवार-रविवार ओढ्यांवर काढायचा घाट घातलाय. मोठ्या नदीवरचा ग्रेड ३ (पाण्याच्या अवघडपणाची पातळी, आकडा वाढेल तसं कठीण) मी बिनघोर उतरते, ओळखीचा ग्रेड ४ असेल तर तोही. रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) दोन्ही बाजूंनी बसलाय. पण हे ओढे म्हणजे वेगळंच प्रकरण दिसतंय. अरुंद, दगडांनी खच्चून भरलेले आणि किलोमीटरला वीस-तीस मीटर उतरणारे. मोठ्या नदीत उलटलं तर डोक्याखाली पाणी असतं आणि रोल करायला उसंत मिळते. इथे हातभर खाली दगड, आणि पुढची उडी, म्हणजे पाणी कोसळतं ती पायरी, दोन बोटींच्या अंतरावर.

आम्ही सहा जण आहोत. दोघे ग्रेड ५ करणारे, तिघे माझ्यासारखे, आणि एक जण बऱ्याच काळात बोटीत बसलेलाच नाही. सगळ्यात जास्त उत्साह अर्थातच त्याला आहे.

माझे प्रश्न :

पाणी – ओढ्यावर धरण नाही, सगळी मदार पावसावर. आदल्या रात्री पाऊस झाला तर सकाळी पाणी बेताचं आहे की जास्त, हे काठावर उभं राहून कसं ओळखायचं?

बोट – माझी रिव्हर रनर (नदीसाठीची बोट) आहे, सपाट तळाची आणि मागून बारीक. वजन ६० किलो. क्रीकबोट (खास ओढ्यांसाठीची) उसनी मिळू शकते, पण एक मित्र म्हणतो, सवयीचीच बोट बरी.

बूफ (नाक वर ठेवून उडीवरून सपाट टेकणं) – कंबरेएवढ्या उडीवर जमतो. त्याहून उंच उडीवर बोटीचं नाक खाली जातं आणि मी पाण्याखालून बाहेर येते. नक्की कुठे बिनसतंय?

कृपया नुसतं 'जपून जा' लिहू नका. तेवढं घरचे सांगतातच.

---

ओलाचिंब :

पाण्यापुरतं लिहितो. अशा ओढ्याचं पाणलोट क्षेत्र लहान असतं, त्यामुळे पाणी तासा-दोन तासांत चढतं आणि तितक्याच झटपट उतरतं. खालच्या मोठ्या नदीवरचा पाणीपातळीचा मापक बघून ओढ्याचा अंदाज बांधू नका. तिथला आकडा वाढेपर्यंत वर सगळं आटोपलेलं असतं.

काठावर उतरलात की आधी दगड बघा. पाण्याच्या रेषेच्या वर ओल्या दगडाचा पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय. कोरडी पानं आणि काटक्या तरंगत येताहेत, पाणी गढूळ होतंय, तर चढतंय. काठावर एक काडी पाण्याच्या रेषेवर रोवा, कपडे बदला आणि परत येऊन बघा. काडी पाण्यात गेली असेल तर त्या दिवशी ओढा सोडा, दुसरीकडे जा.

पानगळीत आणखी एक गोष्ट होते. झाडांची पानं गेली की ती मातीतलं पाणी कमी ओढतात. माती आधीच ओली असेल तर उन्हाळ्यात ज्या पावसाने ओढा जेमतेम वाहायचा, तेवढ्याच पावसात आता भरून येतो. मागच्या मोसमातला 'इतक्या पावसाला इतकं पाणी' हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

धरणाच्या नदीचं सुख वेगळं. वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरणातून पानगळीत ठरल्या दिवशी पाणी सोडतात, कारण पुराला जागा म्हणून तलाव खाली करायचा असतो. तिथे पंचांग बघून जाता येतं. ओढ्यावर आभाळ बघून जावं लागतं.

---

काठावरची :

बूफबद्दल. तुमचं वर्णन वाचून दोन शक्यता वाटतात, आणि दोन्ही वेळेच्या आहेत.

पहिली, शेवटचा स्ट्रोक लवकर पडतोय. वल्ह्याचं पातं उडीच्या कडेवरच रोवायचं, जिथे पाणी खाली वळतं तिथे, आणि ते कंबरेपर्यंत ओढायचं. कडेच्या हातभर आधी ओढलंत तर बोट कडेवर पोचेपर्यंत जोर संपलेला असतो आणि नाक पाण्याबरोबर खाली वळतं. छोट्या उडीवर हे खपून जातं, उंचीवर खपत नाही.

दुसरी, स्ट्रोकबरोबर गुडघे वर येत नाहीयेत. पातं ओढताना कंबर पुढे ढकला आणि गुडघे छातीकडे घ्या. त्यानंतर लगेच, खाली टेकायच्या आत, धड पुढे आणा. मागे रेललेले टेकलात तर रोलही अवघड जातो आणि चेहरा उघडा पडतो.

आता उलट बाजू. प्रत्येक उडी सपाट टेकायची नसते. खाली पांढरं, फेसाळ पाणी असेल तर सपाट टेकणं ठीक, फेस धक्का खातो. खाली हिरवं, घट्ट पाणी आणि उडी उंच असेल तर सपाट टेकल्यावर तो धक्का थेट मणक्याला बसतो. कयाकर्सची पाठ अशीच मोडते. तिथे नाक थोडं खाली जाऊ द्यायचं, धड पुढे झुकवून, वल्हं बोटीला समांतर ठेवून. उडी बघताना आधी खालच्या पाण्याचा रंग बघा, मग बूफचा विचार करा.

---

दोरखंड :

बोटीबद्दल तुमच्या मित्राशी मी सहमत नाही. बारीक शेपटीची बोट उडीखालच्या होलमध्ये (उलटं फिरणाऱ्या पाण्यात) मागून पकडली जाते आणि उभी राहते. क्रीकबोटीला व्हॉल्यूम (आकारमान) जास्त, नाक वर वळलेलं आणि कडा गोल, त्यामुळे ती पाण्यावर लवकर येते आणि दगडावरून घसरते. ६० किलोला मोठ्या मापाची घेऊ नका, ताबा राहत नाही. उसनी मिळाली तर आधी सोप्या पाण्यात अर्धा दिवस बसा, हिप पॅड (कंबरेजवळच्या गाद्या) घट्ट करा, आणि पायाशी फोम लावलेला फूटरेस्ट आहे ना ते बघा. दगडावर समोरून आदळल्यावर घोटे वाचतात ते त्याच्यामुळे.

पण खरं सांगू? तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींपेक्षा मला तुमच्या सहाव्या भिडूची काळजी जास्त वाटते. ओढ्यातल्या एडी (दगडामागच्या संथ पाण्याच्या जागा) दोन-तीन बोटींपुरत्या असतात. सहा जण एका माळेत गेलात तर चौथ्याला थांबायला जागा नसते, तो न बघता पुढच्या उडीवर जातो. तीन-तीनच्या दोन तुकड्या करा आणि प्रत्येकीत एक ग्रेड ५वाला ठेवा. पुढचा एडीत थांबून खूण करेल, मगच मागचा निघेल. वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा. हाताने दाखवायचं ते जायच्या दिशेला, धोक्याकडे कधीच नाही. तीन शिट्ट्या म्हणजे अपघात. या खुणा काठावरच ठरवा, त्याही सगळ्यांनी मिळून.

पानगळीत झाडं आणि फांद्या ओढ्यात पडतात. गेल्या महिन्यात मोकळी असलेली वाट आज बंद असू शकते. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. वळणापलीकडचं दिसत नसेल तर उतरून बघा. बघायला जाताना ओल्या पानांखालचा दगड साबणासारखा असतो, तेव्हा हेल्मेट काढू नका.

---

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. काडीची युक्ती नोंदवून ठेवली. बूफचा माझा जुना व्हिडिओ परत बघितला, पातं खरंच कडेच्या आधी पडतंय. क्रीकबोट उसनी घेतेय.

सहाव्याशी बोलले. थोडा हिरमुसला, पण पटलं त्याला. शनिवारी सोपा, ग्रेड ३चा वरचा टप्पा सगळे मिळून करणार. तिथे तो कसा दिसतो ते बघून रविवारचं ठरवू. रविवारी नाही उतरला तर मोठ्या उडीखाली काठावर थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी) घेऊन थांबेल आणि गाडी खाली आणेल. गाडीवाला मिळाल्यामुळे बाकीचे जरा जास्तच खूश झालेत.

एकच शेवटचा प्रश्न. त्याच्यासाठी थ्रो बॅग १५ मीटरची घ्यावी की २०ची?

---

दोरखंड :

अरुंद ओढ्याला १५ पुरते. दोर जितका लांब तितका पुढच्या उडीपर्यंत वाहत जायला वाव जास्त. त्याला सांगा, दोर अंगाला बांधायचा नाही आणि हाताला गुंडाळायचाही नाही. उभं राहायची जागा उडीच्या अगदी खाली नको, थोडी पुढे घ्यावी, कारण माणूस वर येतो तो तिथे. मागे टेकायला दगड असेल तर उत्तम. आणि शनिवारी सोप्या टप्प्यावर तुमच्यापैकी कुणीतरी मुद्दाम पोहत जा, त्याला खऱ्या माणसावर दोर फेकायला मिळू दे.

---

काठावरची :

त्या पोहणाऱ्याने ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा पोशाख) घालावा, एवढं लिहायचं राहिलं दोरखंडांचं. थंड पाण्यात बोटं लवकर बधिर होतात आणि दोर हातात येऊनही धरवत नाही. दिवसही लहान असतो आता, रविवारी सकाळी लवकर पाण्यात उतरा. दरीत अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर पडतो.