अहिराणी आणि डोंगरी कोकणी ताडून बघायला कोणती शब्दयादी घ्यावी?

गोदाकाठ: नोंदी नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा, कळवण, सुरगाणा भागात घ्यायच्या आहेत. कोकणी म्हणजे गोव्याची नव्हे, डोंगरातली. भाषा ताडायला वापरतात ती स्वॉदेशची १०० मूलभूत शब्दांची यादी पुरेल का? रेकॉर्डिंग मोबाइलवर चालेल?

हेलकरी: २०७ चीच घ्या. इतक्या जवळच्या बोलींत १०० शब्दांवर फरक धड दिसत नाही. सोबत २००९ ची लीप्झिग-जकार्ता यादी ठेवा, ती ४१ भाषांमधल्या उसनवारीवरून, सहसा उसने न घेतले जाणारे शब्द निवडून बेतलेली आहे.

खरी गोची विचारण्यात आहे. तुम्ही ‘डोळा’ म्हणालात की समोरचा ‘डोळा’च म्हणणार, ‘डोया’ गिळणार. शहरी पाहुणा दिसला की माणसं पुस्तकी होतात! स्वतःच्या डोळ्याला बोट लावून “याला घरी काय म्हणता?” एवढंच विचारा. दुसरा सापळा ‘वुई’चा. इंग्रजी यादीत त्याला एकच रकाना, आपल्याकडे आम्ही आणि आपण. दोन रकाने करा.

मोबाइल चालेल, पण वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (मिनिटाला साधारण ५ एमबी). माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला, नाहीतर प-फ फुटतात. पंखा बंद. शब्द तीनदा म्हणवून मधला घ्या. पहिला चाचरत येतो, शेवटचा पडतो.

सटाणेकर: डोळा-डोया, काळा-काया वेगळे शब्द मोजू नका. ळ चा य नियमाने होतो, मूळ एकच, म्हणून तक्त्यात दोघांना एकच क्रमांक. सगळा-बठ्ठा यांची मुळं वेगळी, त्यांना मात्र दोन. उसना शब्द खोडायचा नाही, खूण करून ठेवायचा. बायकांच्या नोंदीत माहेरचं गाव हवंच, बोली तिकडून आलेली असते.

आणि तीन गावं एकाच आठवडी बाजाराची असतील तर त्या तीन स्वतंत्र नोंदी नव्हेत. १८८९ मध्ये इंग्रज अभ्यासक फ्रान्सिस गॉल्टनने संस्कृतींच्या तुलनेवर हाच आक्षेप घेतला होता. म्हणून नुसता वंशवृक्ष काढू नका. स्प्लिट्सट्री या संगणक-प्रणालीत नेबरनेट ही जाळ्याची आकृती काढा, देवघेव जाळ्यासारखी दिसते.

गोदाकाठ: आंडोर-आंडेर (मुलगा-मुलगी) कुठे बसवू? यादीत ‘मूल’ आहे, मुलगा-मुलगी नाहीत.

हेलकरी: वेगळ्या पानावर. सारख्या शब्दांच्या टक्केवारीत मिसळलंत तर हौसेने वेगळे वाटणारे शब्दच भरले जातील आणि अंतर उगाच फुगेल. जुने नमुने हवे असतील तर ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग बघा, खानदेशी (म्हणजे अहिराणी) त्यात आहे.