मदत हवी आहे: आयपीव्ही६चा खर्च मालकांना कसा पटवायचा?

फायबर_सोलापूर
सोमवारी मालकांसमोर बसायचंय, हातात तीन दिवस आहेत. आमचं ब्रॉडबँडचं नेटवर्क आयपीव्ही६वर, म्हणजे इंटरनेटच्या नव्या, भरपूर पत्त्यांच्या पद्धतीवर न्यावं म्हणून वर्षभर मागे लागलोय. उत्तर एकच, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" आता नॅटचं (जुना आयपीव्ही४ पत्ता अनेक घरांत वाटून देणारं) दुसरं मशीन घ्यायचं ठरतंय, कोटेशनही आलंय. ते एकदा आलं की हा विषय पुन्हा कुणी काढणार नाही. कुणी फायद्याचं गणित मांडलं असेल तर इथे टाका. आयपीव्ही६ म्हणजे काय ते मला सांगू नका, माहीत आहे.

सातरस्ता_९
ग्राहक किती? पत्ते स्वतःचे की वरच्या कंपनीचे? घरांतले राउटर कुठले? यातलं काहीच लिहिलं नाही.

जुळे_सोलापूरकर
माझंही नेट रात्री अडकायचं. डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ८.८.८.८ टाकलं, फरक पडला. करून बघा.

फायबर_सोलापूर
डीएनएसचा संबंध नाही हो. ग्राहक ४२००, आयपीव्ही४ पत्ते ६४, आम्हाला इंटरनेट देणाऱ्या वरच्या कंपनीचे. बाकी नेहमीसारखंच.

सातरस्ता_९
हे नेहमीसारखं नाही. एका पत्त्यामागे ६५ घरं झाली. पत्त्याला पोर्ट (एकेका जोडणीला लागणारे क्रमांक) ६५,५३६, म्हणजे घराच्या वाट्याला जेमतेम हजार. चार मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉप एकदम चालू झाले की रात्री नऊला संपतात. मग पान अर्धं उघडतं, गूगल "तुम्ही रोबो नाही ना" विचारत बसतं आणि फोन तुमच्या ऑफिसात वाजतो.

पुण्यातून
आमच्याकडे एका दिवसात पटलं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, वर्षाला जवळजवळ ४४. हाच आकडा दाखवा.

सातरस्ता_९
फायबरदादांचं भाडं क्लाउडला जात नाही. मालक म्हणतील, हे पुण्याचं झालं, आपलं सांगा.

निवृत्त_दूरसंचार
जागतिक साठ्यातले शेवटचे आयपीव्ही४ पत्ते ३ फेब्रुवारी २०११ला वाटले गेले. आपल्या दूरसंचार विभागाचा आयपीव्ही६चा आराखडा त्याच्याही आधीचा, २०१०चा. तरी मी सांगेन, नॅट काढू नका. नॅट म्हणजे कुलूप आहे, आतलं मशीन बाहेर दिसत नाही.

बार्शी_नेट
काका, कुलूप फायरवॉलचं. बाहेरून आपणहून आलेली जोडणी अडवायचं काम राउटरमधली फायरवॉल करते, ती आयपीव्ही६लाही लावता येते. नॅटचं मूळ काम पत्ते वाटून घेण्याचं.

निवृत्त_दूरसंचार
आणि ती कुणी चालूच केली नाही तर? घरोघरी कोण बघणार?

बार्शी_नेट
आपणच. राउटर बसवतानाच चालू करून द्यायची, तो आपला नियम हवा.

टॉवेलवाले
माझा अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा कारखाना. मुंबईला गेलो की मागावरचे कॅमेरे दिसत नाहीत, त्यासाठी स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतःच्या पत्त्याचे वेगळे पैसे भरतो. आयपीव्ही६ आलं की ते वाचतील ना?

बार्शी_नेट
मालक, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) जुना असेल तर नाही. बऱ्याच जुन्या डीव्हीआरना आयपीव्ही६ कळतच नाही. फायबरदादा, कॅमेऱ्याचं आश्वासन सोमवारी अजिबात देऊ नका. तिथे एकदा खोटे पडलात की बाकीचंही कुणी ऐकणार नाही.

आम्ही पटवलं ते असं. नवीन तंत्रज्ञान हा शब्दच काढला नाही, फक्त नॅटच्या मशीनचं बोललो. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स सगळे आयपीव्ही६वर आहेत. घरात आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते दिले की ही रहदारी नॅटच्या मशीनला शिवतच नाही, सरळ जाते. लोकांनाही नवीन नाही. जिओ २०१६ला आलं तेव्हापासून त्यांच्या मोबाइलमध्ये हेच चालतंय. शिवाय कुठल्या घराला कुठला पोर्ट कधी दिला याच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, त्या डिस्कचा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही. आयपीव्ही६ला घरटी एक प्रीफिक्स (त्या घराचा पत्त्यांचा गट) लिहून ठेवला की झालं.

पण हे तोंडी सांगू नका. एक पॉन पोर्ट, म्हणजे अनेक घरांत वाटलेली एक फायबर घ्या, साठेक घरं. आज रात्री नऊला त्यांची नॅट सेशन (नॅटमधून चालू असलेल्या जोडण्या) मोजा, उद्या आयपीव्ही६ चालू करून त्याच वेळेला परत मोजा. दोन आकडे आणि शेजारी कोटेशन. आमच्या मालकांनी तो कागद खिशात घालून नेला.

जुळे_सोलापूरकर
हे होईस्तोवर आमचं बिल कमी कराल का?

सातरस्ता_९
सगळं खरं, पण मुळातलं राहिलं. पत्ते वरच्या कंपनीचे आहेत. ती आयपीव्ही६ देते का?

फायबर_सोलापूर
ते विचारलेलंच नाही. आत्ता मेल टाकतो. नाही म्हणाले तर आयआरआयएनएनकडून (भारतात इंटरनेटचे पत्ते देणारी संस्था) स्वतःचे पत्ते घ्यायचा अर्जही सोमवारच्या कागदात धरतो. ऑफिसमागच्या गल्लीत ५८ घरं एकाच पॉन पोर्टवर आहेत, त्यातली १७ आयपीव्ही६ न कळणाऱ्या जुन्या राउटरची. आज नऊला तिथेच मोजतो, आकडे इथे टाकतो. ती १७ सोडून मोजू की धरून?

बार्शी_नेट
धरून. उद्या तीच तुमच्याकडे फोन करणार आहेत.