मदत हवी आहे: आजोबांची स्मरणिका आणि चिकटलेले फोटो

नमस्कार मंडळी, आमचे आजोबा गेल्या वर्षी ९३ व्या वर्षी गेले, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे तर घरात ठरलंय की जेवणावळीचा खर्च जरा कमी करून छोटी स्मरणिका छापायची. आम्ही भिलवडीकडचे, कृष्णाकाठ. १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, २००५ आणि २०१९ चा महापूर, सगळं बघितलेला माणूस. २०१९ ला बोट दारात आली तर शेजारच्या म्हातारीला आधी बसवा म्हणून अडून बसले (स्वतः काय तरणे होते का!). शाळेच्या खोल्या बांधताना कुणी किती विटा दिल्या त्याची त्यांची पेन्सिलीनं लिहिलेली वही अजून आहे, त्यात स्वतःचं नाव कुठंच नाही, आजीनं सांगितलं तेव्हा कळलं की पहिली बैलगाडी त्यांचीच होती.

अडचण अशी की जुना अल्बम पुरात भिजलेला, फोटो एकमेकांना चिकटलेत, ओढायला भीती वाटते. साध्या पाण्यात भिजवून सुटतात का? सांगली-मिरजेत कुणी खात्रीचा फोटो दुरुस्त करणारा माहितीय का? आणि वही आहे तशी छापावी का, काका म्हणतात ज्यांची नावं नाहीत ती घरं रुसतील. जरा लवकर सांगा, प्रेसवाला घाई करतोय.