'शेल>' दिसलं की माणसाने करायचं काय?

मुलुंडकरीण: काल इथे एकाने लिहिलं, 'शेल आलं म्हणून बोंबलता कसले? पाच कमांडी पाठ करा, नाहीतर कॉम्प्युटर विका.' खाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून हा वेगळा धागा. शेल म्हणजे मशीनला विंडोज सापडलं नाही की येतो तो कमांडी लिहायचा काळा पडदा.

माझी आई परळला राहते. फराळाच्या ऑर्डरी घेते, हिशोब सगळा एक्सेलमध्ये. गणपतीला गावी जाताना नेहमीसारखा मेन स्विच खाली केला. दहा दिवसांनी मशीन लावलं तर काळा पडदा, पिवळी अक्षरं, 'पाच सेकंदांत एस्केप दाबा' आणि मग 'शेल>'. पुढे कर्सर लुकलुकतोय. तिने बिचारीने 'हेल्प' लिहिलं. ओळी सरसर वर पळून गेल्या. पानापानाने वाचायला पुढे 'डॅश बी' लावायचं, हे ज्याला माहीत त्यालाच माहीत.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने 'विंडोज उडालंय' सांगून फॉरमॅट मारला. अठराशे रुपये घेतले, वर दिवाळीच्या ऑर्डरी गेल्या. पंधरवड्याने मेन बंद केला आणि परत तेच! तेव्हा घड्याळाकडे लक्ष गेलं, तारीख काही वर्षं मागे. बोर्डावरचं घड्याळ आणि सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल मेलेला. सेटिंग मूळपदाला गेलं की लेगसी, म्हणजे मशीन सुरू करायची जुनी पद्धत बंद, यूईएफआय ही नवी चालू, आणि जुन्या पद्धतीने बसवलेलं विंडोज सापडत नाही. बस्स, एवढंच होतं. आता सांगा, आईने काय पाठ करायला हवं होतं?

काळापडदा: तो मीच. आणि शब्द मागे घेत नाही. डिस्क निवडायला 'एफएस झिरो', मग ईएफआय, बूट हे फोल्डर, मग सुरू करणारी फाइल 'बूटएक्स६४'. दोन मिनिटांचं काम. रेसिपी पाठ होते तर हे का नाही? बॅकअप नव्हता तो दोषही शेलचाच का?

मुलुंडकरीण: काळापडदा, वाचता की नुसतं उत्तर देता? विंडोज लेगसी पद्धतीने बसवलेलं. डिस्कांची यादी बघायला 'मॅप' दिलं की नुसते 'बीएलके', म्हणजे कच्च्या डिस्का. 'एफएस' एकही नाही, कारण शेलला फॅट पद्धतीची डिस्क वाचता येते, विंडोजची एनटीएफएस नाही. तुमची पहिलीच कमांड तिथे आपटली असती. बरोबर उत्तर होतं 'एक्झिट' लिहून सेटअपमध्ये, म्हणजे मशीनच्या सेटिंगच्या पानांवर जाणं. ते तुमच्या पाचांत आहे का?

निवृत्त_सनवाला: फोर्टच्या ऑफिसात सन कंपनीच्या मशीनवर अर्धं आयुष्य गेलं. तिथेही डिस्क सापडली नाही की 'ओके' एवढंच यायचं आणि आत चक्क फोर्थ ही प्रोग्रामिंगची भाषा. मशीन सुरू करणाऱ्या त्या प्रोग्रामला ओपन फर्मवेअर म्हणायचे, १९९४ चं आयईईई १२७५ हे मानक. पण तेच फर्मवेअर अ‍ॅपलच्या जुन्या पॉवरपीसी मॅकमध्ये गेलं तेव्हा पडद्यावर सरळ लिहून यायचं: पुढे चालू करायचं तर 'मॅक-बूट' लिहा, बंद करायचं तर 'शट-डाउन'. दोन ओळी. आपलं हे शेल कारखान्यातल्या आणि सर्व्हरवाल्या लोकांसाठी आहे, उत्तम आहे. ते घरच्या मशीनच्या बूट क्रमात, म्हणजे काय काय सुरू करून बघायचं त्या यादीत, शेवटी ठेवून द्यायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही बोर्डवाल्यांची हलगर्जी.

बाणेदार_दादरकर: मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. मराठीत का नाही? सेटअपमध्ये चिनी, जपानी निवडता येतं. आम्ही काय घोडं मारलंय?

काळापडदा: आलं का! साहेब, एटीएमवर तुम्ही स्वतः कुठली भाषा निवडता?

बाणेदार_दादरकर: मराठीच. मागचे लोक रांगेत चुळबुळ करतात तरी.

जोडाक्षर: भांडू नका. यूईएफआयचं अक्षर १६ बिटांचं, देवनागरी त्यात मावते. अडतं ते फाँटपाशी. ठराविक चौकोनातले ठिपके, रुंद अक्षराला १६ बाय १९. एकामागे एक चौकोन मांडायचे, जोडायचं बिडायचं काही नाही. 'स्थिती' लिहिलं तर स, हलन्त, थ आणि त्याच्या मागे लटकलेली वेलांटी. चिनीला हे दुखणंच नाही.

बाणेदार_दादरकर: म्हणजे होत नाही असं नाही, करत नाहीत.

जोडाक्षर: पूर्ण वाक्यांची चित्रं करून ठेवली तर होईल. पण करणार कोण, तुम्ही?

बाणेदार_दादरकर: 'करणार कोण' याच वृत्तीने मराठी मेली. तुमच्यासारख्यांमुळे.

जोडाक्षर: मी दहा वर्षं फुकट मराठी फाँट दुरुस्त करतोय. बोलण्याआधी विचारायचं तरी.

मुलुंडकरीण: अहो, दोघंही! माझ्या आईला इंग्रजी वाचता येतं. मराठीत 'कवच>' आलं असतं तरी ती तशीच बघत बसली असती.

काळापडदा: 'कवच>' 😂 बरं बाई, 'एक्झिट' ही सहावी कमांड म्हणून मान्य. आणि दोन ओळी लिहून आल्या तर माझं काही जात नाही. पण फॉरमॅट शेलने नाही, त्या दुरुस्तीवाल्याने मारला. राग तिकडे काढा.

मुलुंडकरीण: तिकडे काढून आले. 'मॅडम, पडद्यावर एररच नव्हता, मी काय समजणार?' म्हणाला. खोटं नाही बोलला.

परळचा_शेजारी: विषयांतर आहे, पण आमच्या मशीनचं घड्याळही हल्ली मागे पडतंय. तो सेल नक्की कुठे असतो? लॅमिंग्टन रोडलाच जावं लागेल?

निवृत्त_सनवाला: बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलण्याआधी सेटअपच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा.