काँट्रॅक्टच्या इंटरव्ह्यूसाठी स्वखर्चाने बेंगळुरूला जावं का?

घाटावरचा_जावावाला
मंडळी जरा सल्ला पाहिजे. मी कोल्हापुरात घरून काम करतो, जावा प्रोग्रॅमिंग, एका व्हेंडरमार्फत (कंपन्यांना माणसं पुरवणारी एजन्सी) काँट्रॅक्टवर. महिना 1 लाख 10 हजार, सुट्टी घेतली त्या दिवसाचा पैसा नाही. हे काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय आणि एक्स्टेंशनचं कोणी काही बोलत नाही म्हणून दुसरीकडे बघायला लागलो. आता एका दुसऱ्या व्हेंडरची बाई रोज तीनदा फोन करते की क्लायंटला (जिचं काम करायचं ती कंपनी) एफ टू एफच, म्हणजे समोरासमोर मुलाखतच पाहिजे, बेंगळुरू, व्हाइटफील्ड, गुरुवारी सकाळी 11 ला या. काँट्रॅक्ट 6 महिन्यांचं. टेक्निकल राउंड टीम्सवर, व्हिडिओ कॉलने झालाय, चांगला गेला. जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार विचारलं तर म्हणते सर तुम्ही आधी सिलेक्ट तर व्हा.

हिशोब मांडला. बसचं येऊन-जाऊन 3 हजार, रिक्षा, जेवण धरून आणखी हजार. आणि गुरुवार-शुक्रवार दोन दिवस बुडाले तर 10 हजार ते वेगळे. म्हणजे 14 हजार घालून नुसतं तोंड दाखवून यायचं. बायको म्हणते जा, आई म्हणते कशाला एवढ्या लांब. काय करू?

बेंचवरचा_बंडू
भावा अजिबात जाऊ नको. मी एकदा असाच हैदराबादला गेलो होतो. तिथं रिसेप्शनला आमच्यासारखे चाळीस जण बसलेले, सगळे वेगवेगळ्या व्हेंडरचे, जागा होत्या दोन. दुपारी साडेतीनला नंबर लागला, 12 मिनिटं बोलले आणि त्यातली पाच मिनिटं त्यांचा प्रोजेक्टरच चालू होत नव्हता. त्यानंतर व्हेंडरने फोन उचलायचं बंद केलं. त्यांचं काही जात नाही रे, दहा प्रोफाइल पाठवायचे, एक लागला की क्लायंट त्याच्या कामाचे जे पैसे देतो त्यातलं मार्जिन खायचं. बाकीच्या नऊ जणांचं तिकीट ज्याच्या त्याच्या खिशातून.

पॅनलवाला_काका
मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो म्हणून लिहितो. एफ टू एफ मागतात ते हौसेने नाही. गेल्या वर्षी आम्ही व्हिडिओवर एक पोरगा घेतला, झकास उत्तरं दिली, आणि जॉइनिंगच्या दिवशी आला तो वेगळाच माणूस! आवाज वेगळा, दोन आठवड्यांत डेटाबेसची साधी क्वेरी लिहिता येईना. दुसरे काही जण प्रश्न विचारला की स्क्रीनच्या कोपऱ्यात बघत कीर्तनासारखं वाचून दाखवतात, एआय समोर उघडं असतं. 2025 मध्ये गूगलच्या सुंदर पिचाईंनीसुद्धा सांगितलं की निदान एक राउंड तरी समोरासमोर घेणार. मग बाकीचे घेणारच.

पण म्हणून खर्च उमेदवाराने करावा हे मला पटत नाही. यूपीएससीच्या मुलाखतीला बाहेरगावच्या पोरांना रेल्वेचं भाडं मिळतं, आणि इथं कोट्यवधींचा क्लायंट 3 हजाराच्या बसवर अडतो. पर्मनंट माणसाला निदान पुढे वर्षानुवर्षं पगार असतो, सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवाल्याने त्यातली तीन दिवसांची कमाई आधीच कशाला घालवायची.

जायच्या आधी एवढं विचार: हा शेवटचाच राउंड आहे का, आणि क्लायंटच्या स्वतःच्या मेलवरून इन्व्हाइट येणार का. व्हेंडरच्या जीमेलवरून आलेलं इन्व्हाइट धरू नकोस. आमच्याकडे जागा खरी असेल तर इन्व्हाइट पाठवायला पाच मिनिटं लागतात.

पेठेतली_सीए
खर्चाचं एक सांगते, कारण लोक "टॅक्समध्ये दाखवू" म्हणून गाफील राहतात. व्हेंडरच्या पेरोलवर असाल, म्हणजे पगार म्हणून पैसे येत असतील, तर इंटरव्ह्यूचा प्रवास कुठेच वजा होत नाही. प्रोफेशनल म्हणून बिल करत असाल आणि अंदाजे नफा धरायच्या योजनेत (1961 च्या आयकर कायद्यात कलम 44 एडीए) रिटर्न भरत असाल, तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता, उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आले असं सरकार आधीच धरतं. बसचं तिकीट वेगळं काढून दाखवता येत नाही. त्यामुळे हे 14 हजार गेले ते गेलेच समजा.

आणि कोणी "विमानाचं तिकीट आम्ही पाठवतो, आधी डिपॉझिट भरा, नंतर परत मिळेल" म्हणालं तर फोन ठेवा. मोठ्या कंपन्यांची नावं वापरून हा धंदा कितीतरी वर्षं चालू आहे.

बेंचवरचा_बंडू
@पेठेतली_सीए ताई, म्हणजे माझी हैदराबादची बिर्याणी पण वाया गेली 😭

यशवंतपूर_लोकल
माझं मत उलटं आहे. मी सांगलीहून गेलो आणि लागलो. का लागलो, तर बोलावलेल्या सहा जणांपैकी चौघं आलेच नाहीत. तुझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय, बेंचवर, म्हणजे बिनकामाचा, एक महिना बसलास तर लाख रुपये गेले, 14 हजाराचं काय घेऊन बसलास. फक्त वर्किंग डेला जाऊ नको, शनिवार माग. बऱ्याच कंपन्या शनिवारी ड्राइव्ह (एकाच दिवशी अनेकांच्या मुलाखती) घेतातच.

शुक्रवारी रात्री स्लीपर बस पकड, सकाळी यशवंतपूरला उतर, तिथून मेट्रोच्या ग्रीन लाइनने मॅजेस्टिक आणि मॅजेस्टिकला पर्पल लाइन, थेट व्हाइटफील्ड. कॅब करू नको, शनिवार असला तरी ट्रॅफिकमध्ये रडशील. शर्ट बसमध्ये घालून बसू नको, बॅगेत घडी करून ने.

घाटावरचा_जावावाला
सगळ्यांना धन्यवाद. काल काकांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न व्हेंडरला मेलवर विचारले. दिवसभर शांतता, तीनदा येणारा फोन एकदाही नाही. म्हटलं संपला विषय. आज दुपारी मात्र क्लायंटच्या मेलवरून इन्व्हाइट आलं, शेवटचा राउंड, मॅनेजरचं नाव पण आहे आणि शनिवार पण मिळाला. म्हणजे दोन दिवस बुडून जाणारे 10 हजार वाचले. भाड्याबद्दल व्हेंडरने लिहिलंय "विल डू द नीडफुल" (जे लागेल ते करू), त्याचा अर्थ काय ते तुम्हीच सांगा.

तिकीट काढलंय. खालचा बर्थ संपला होता, वरचा मिळाला, तो पण मागच्या चाकावर.

बेंचवरचा_बंडू
नीडफुल म्हणजे विसर भावा. पण जा. चाळीस जण दिसले तर मला फोटो पाठव.