‘प्रजाती’ म्हणजे जीनस की स्पीशीज? घोस्ट श्रिम्पच्या निमित्ताने एक अडचण

धरमपेठकर:
शाळकरी मुलांच्या एका विज्ञान मासिकासाठी मी घोस्ट श्रिम्पवर लेख लिहिला आहे. समुद्रतळाच्या वाळूत आणि गाळात बिळे करून राहणारे, फिकट, जवळजवळ पारदर्शक अंगाचे हे कवचधारी प्राणी. लेखात ‘टेनोकेलीस ही त्यांची एक दुर्मीळ प्रजाती असून जपानचे मत्स्यशास्त्रज्ञ किशिनोये यांनी १९२६ साली तिचे प्रथम वर्णन केले’ असे वाक्य होते. संपादकांनी ‘प्रजाती’ खोडून ‘वंश’ केले, आणि पुढे जिथे जिथे मी ‘जाती’ लिहिले होते तिथे ‘प्रजाती’ घातले. म्हणजे मी जिला जाती म्हणत होतो, ती टेनोकेलीस बाल्सी आता प्रजाती झाली. आम्हाला तर प्रजाती म्हणजे जीनस, म्हणजे स्पीशीजच्या वरची पायरी, असेच शिकवले होते. बरोबर काय? शिवाय घोस्ट श्रिम्पला ‘भूतकोळंबी’ म्हणावे का, हेही कृपया सांगावे, कारण अंक लवकरच छपाईला जाणार आहे.

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक:
आपलेच बरोबर आहे. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. मराठी विश्वकोशाच्या नोंदींतही जीनससाठी ‘प्रजाती’ आणि ‘वंश’ हे दोन्ही शब्द सापडतात, पण स्पीशीजसाठी मात्र ‘जाती’च. हिंदीत जीनसला वंश आणि स्पीशीजला प्रजाति म्हणण्याची पद्धत आहे; आपण नागपूरकर दोन्ही भाषा रोज वाचत असल्यामुळे एकीची परिभाषा दुसरीत नकळत उतरते. संपादकांच्या दुरुस्तीचे मूळ बहुधा तिथेच असावे.

महालवासी:
सरांचा आदर राखून असहमती नोंदवतो. नागपूरच्या अंबाझरी तलावावर अमुक इतक्या प्रजातींचे पक्षी दिसले, अशी बातमी मराठी वृत्तपत्रांत दर हिवाळ्यात येते आणि तिचा अर्थ कोणीही जीनस असा घेत नाही. रूढ झालेला अर्थ हाच शब्दाचा अर्थ. दुसरे असे की ‘जाती’ या शब्दावर आपल्या समाजाने इतके ओझे लादले आहे की मुलांसमोर ‘उच्च जाती’, ‘खालच्या जाती’ अशी वाक्यरचना प्राण्यांबाबतसुद्धा करू नये, असे मला मनापासून वाटते. कोशकार डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून हजारो संस्कृत पारिभाषिक शब्द घडवले. त्यांतले किती लोकांच्या तोंडी बसले, हे आपण जाणतोच.

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक:
सामाजिक मुद्दा मला मान्य आहे, पण बातमीत खपते ते वर्गीकरणात खपत नाही. या प्राण्यांचा इतिहासच पाहा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेयने १८३१ मध्ये थॅलॅसिनिडिया हा गट केला आणि बिळे करणारे बहुतेक सगळे त्यात बसवले. पुढे, एकसारखे जगणे म्हणजे एकच पूर्वज नव्हे हे ध्यानात आल्यावर, त्याचे गेबिडिया आणि ॲक्सिडिया असे दोन भाग झाले. घोस्ट श्रिम्प दुसऱ्यात येतात. टेनोकेलीसची तर एक नांगी कंदासारखी फुगीर असून तिच्या लांब, बारीक बोटांवर कंगव्यासारखे दात असतात, आणि नावाचा ग्रीक अर्थही तोच आहे. अंग मऊ असल्याने जीवाश्मांत बहुधा नांगीच तेवढी उरते, आणि अशी एक नांगी १९३९ साली खोल समुद्रातल्या शेवंडाच्या (लॉब्स्टरच्या) प्रजातीत घातली गेली होती! मॅनिंग आणि फेल्डर या प्राणिशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये टेनोकेलिडी हे स्वतंत्र कुल केले. कोण कोणत्या पायरीवर बसतो एवढाच जिथे वाद आहे, तिथे पायरीचे नाव सैल ठेवून कसे चालेल?

अलिबागची लेक, सध्या मनीषनगर:
‘भूतकोळंबी’ला माझा विरोध आहे, आणि तो भुतामुळे नाही. आमच्याकडे जवळा, करंदी, कोळंबी, शेवंड यांची सरमिसळ कोणी करत नाही. खाण्यातली समुद्री कोळंबी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. घोस्ट श्रिम्पची मादी ती पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवते, चिंबोरीची मादी वागवते तशीच. नात्यानेही हा प्राणी कोळंबीपेक्षा खेकड्याला जवळचा मानतात.

वैनगंगाकाठ:
मग ‘झिंगा’ लिहावे. आमच्या नदीतला मोठ्या नांग्यांचा झिंगा पोटाखाली अंडी घेऊनच जाळ्यात येतो. मासेमार ढिवरांच्या पोरांनाही हे ठाऊक असते. विदर्भातल्या मुलांसाठीच्या लेखात कोकणचा शब्द कशाला हवा? वांग्यात सुके झिंगे घालणाऱ्या घरात कोळंबी हा शब्द पुस्तकातूनच येतो.

अलिबागची लेक, सध्या मनीषनगर:
परंतु झिंगा म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे गोड्या पाण्यातला प्राणी येईल आणि हा तर समुद्रतळाच्या बिळात राहतो. आधीच अमेरिकेत काचेच्या टाकीत पाळायच्या एका गोड्या पाण्यातल्या पारदर्शक झिंग्यालाही घोस्ट श्रिम्पच म्हणतात. तो गोंधळ मराठीत आणू नये.

महालवासी:
मूळ मुद्द्याकडे येतो. ‘प्रजाती’तला ‘प्र’ काय सांगतो? प्रशाखा ही शाखेहून लहान असते आणि प्रपौत्र नातवाच्याही खालच्या पिढीतला. त्या न्यायाने प्रजाती ही खालचीच पायरी ठरते.

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक:
प्रपितामह मात्र पितामहाच्या वर असतो. उपसर्ग दोन्ही दिशांना नेतो, म्हणून त्यावर निवाडा होणार नाही. खालच्या पायरीसाठी ‘उपजाती’ आहेच.

वैनगंगाकाठ:
सरळ जीनस आणि स्पीशीज लिहिले तर काय बिघडते? मुले पुढे तेच शिकणार आहेत.

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक:
बिघडते. विश्वकोशासाठी अभ्यासकांनी प्रत्येक पायरीला मराठी शब्द योजला, तो वापरला नाही तर मुलांना जुन्या नोंदी वाचताच येणार नाहीत. महालवासींनी ‘जाती’ला दुसरा शब्द सुचवावा, मी विचार करीन, पण ‘प्रजाती’ तिच्या जागेवरून हलवू नये.

महालवासी:
ती लोकांनी केव्हाच हलवली आहे, सर.