मदत हवी आहे: मांडीच्या ऑपरेशननंतर मुलाच्या पायाची तीन मापं तीन तऱ्हेची, कोणतं धरायचं?

शिंपीकाका_लालबाग

नमस्कार मंडळी. मी लालबागला शिंपीकाम करतो, चाळीस वर्षं झाली. खातं पुतणीने उघडून दिलंय, लिहितोय मात्र मीच. येत्या पंधरा दिवसांत डॉक्टरांना काय ते सांगायचं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मुलगा २४ वर्षांचा. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसात स्कूटर घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध तुटलं. सरळ दोन तुकडे नाहीत, मध्ये पार चुरा. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. हाडाच्या पोकळीत रॉड, वर दोन स्क्रू, खाली दोन. हाड जुळलं, नोव्हेंबरात काठीही सुटली. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना मी दोष देत नाही. त्या रात्री पायाची अवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे.

दिवाळीनंतर तो पुन्हा मशीनवर बसायला लागला. आमच्या दुकानात जुनं पायमशीन अजून चालू आहे, जाड कापडाला मी तेच वापरतो. त्याचं उजवं पाऊल पायदानावर सरळ राहीना. टाच आत, बोटं भिंतीकडे. तो हाताने गुडघा धरून पाऊल सरळ करायचा, चार टाके पडले की पाऊल पुन्हा बाहेर. मला वाटलं कमजोरी असेल, जाईल हळूहळू.

मग जानेवारीत घरात लग्न निघालं आणि मी त्याच्या पॅंटचं माप घेतलं. डावी आतली लांबी ३० इंच. उजवी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, कमी. पुन्हा घेतलं, तेच आलं. तिसऱ्यांदा टेप लावला तेव्हा त्याची आई दारात येऊन उभी राहिली, म्हणून मी टेप गुंडाळून ठेवला.

त्यानंतर आम्ही तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी झोपवून टेपने मोजलं आणि ३ सेंटीमीटर कमी सांगितलं. दुसरीकडे पायाखाली लाकडी ठोकळे ठेवून उभं केलं, तिथे २ आलं. तिसरीकडे पट्टी ठेवून एक्स-रे काढला, त्यात १.८. माझे सहा सूत म्हणजे जवळपास १.९. एकाच पायाची इतकी मापं कशी? दुकानात माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला कापडाला हात लावू दिला नसता.

त्यात पहिले डॉक्टर म्हणतात, हाड पुन्हा कापून पायाला बाहेरून रिंगची फ्रेम लावू आणि लांबी वाढवू. दुसरे म्हणतात, बुटात उंची द्या, बाकी काही नको. पाऊल बाहेर वळतं त्याबद्दल दोघांनीही विशेष काही सांगितलं नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, मला लांबीचं काही नाही, पण पाऊल सरळ करून द्या."

तर माप कोणतं खरं? पाऊल वळण्याचा आणि लांबीचा संबंध आहे का? आणि रिंग लावून घेतलेलं कोणी इथे असेल तर घरी ते दिवस कसे काढले ते लिहा. आम्ही चाळीत राहतो, दुसरा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला.

व्यायाम_उपचार

काका, नमस्कार. मी परळ-शिवडी भागात बरीच वर्षं फिजिओथेरपी केली, आता निवृत्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल.

झोपवून टेपने मोजताना कमरेच्या हाडाचं पुढचं टोक धरतात, तिथून टेप मांडीवरून, गुडघ्याच्या आतल्या अंगाने घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत नेतात. याला खरी लांबी म्हणतात. बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजली की ती दिसणारी लांबी. कंबर एका बाजूला उचललेली असेल किंवा मांडी आत ओढलेली असेल, तर हाडं सारखी असूनही पाय आखूड दिसतो. मला सांगा, त्या डॉक्टरांनी टेप कुठून लावला होता? बेंबीपासून लावला असेल तर ३ आकड्याला काही अर्थ नाही.

कमरेच्या हाडापासून लावला असला तरी चूक होते. इतक्या महिन्यांनी मुलाची उजवी मांडी बारीक झाली असेल ना? भरलेल्या मांडीवरून टेप फिरून जातो, सुकलेल्या मांडीवरून सरळ जातो. गुबगुबीत माणसाची बाहेरची लांबी घेताना तुम्ही हे रोज बघत असाल. शिवाय एक गुडघा पाच-सात अंश वाकलेला राहिला आणि दुसरा सरळ, की माप गेलंच. दोन्ही पाय अगदी सारख्या स्थितीत ठेवून मोजावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ कोण देतो.

ठोकळ्यांचं माप मला स्वतःला जास्त पटतं, कारण त्यात पाऊल आणि टाचही धरली जाते आणि माणूस जसा उभा राहतो तसाच मोजला जातो. मागून कमरेवर दोन्ही अंगठे ठेवायचे, कंबर एका रेषेत येईपर्यंत आखूड पायाखाली ठोकळे वाढवायचे. तुमचं माप, ठोकळे आणि एक्स-रे हे तिन्ही २ च्या आसपास आहेत. ३ सोडून द्या.

मांडी किती सुकली तेही मोजा. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंटीमीटर वर पेनाने खूण करा, दोन्हीकडे, आणि तिथे घेर घ्या. हे तुमच्याइतकं नीट कोणी घेणार नाही. दर महिन्याला वहीत लिहा.

रिंगवाला_डोंबिवली

काका, माझ्या नडगीला रिंग होती. ४ सेंटीमीटर हाड वाढवलं, आठ महिने फ्रेम पायावर. विचारलंत म्हणून लिहितो, घाबरवण्यासाठी नाही.

ही पद्धत इलिझारोव नावाच्या रशियन डॉक्टरांची. सायबेरियातल्या कुर्गन गावात १९५० च्या दशकात त्यांनी ती सुरू केली. हाड कापतात, पाच-सात दिवस तसंच ठेवतात, मग रोज १ मिलिमीटर लांब करायचं. एका दमात नाही, दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. मधल्या फटीत नवीन हाड धरतं. १९८० मध्ये कार्लो माउरी हे इटालियन गिर्यारोहक कुर्गनला जाऊन पाय नीट करून आले, तेव्हा पश्चिमेकडे याची खरी ओळख झाली. हे सगळं मी त्या आठ महिन्यांत वाचलं, दुसरं करणार काय.

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा असे नट फिरवायचो. रात्रीचा नट आई फिरवायची, मला उठवायचीसुद्धा नाही. लांबी वाढणं चाळीस दिवसांत संपलं, पण ते हाड पक्कं व्हायला पुढे सहा महिने. मोठ्या माणसाला एका सेंटीमीटरला दीड-दोन महिने फ्रेम धरून चाला. तारा जिथे कातडीत शिरतात तिथे रोज स्वच्छता करावी लागते. तरी मला तीन वेळा पू झाला, अँटिबायोटिक घ्यावी लागली. मांडीवर रिंग नडगीपेक्षा जड जाते, पाय जवळ घेता येत नाहीत, झोपताना कुशीवर वळता येत नाही. चाळीच्या संडासात वाकून बसणं विसरा, कमोडची खुर्ची लागेल.

४ सेंटीमीटरला मी ते सोसलं आणि आज पुन्हा विचारलंत तरी सोसेन. पण पावणेदोन सेंटीमीटरसाठी? मी तरी आधी आणखी एका मोठ्या रुग्णालयात दाखवेन.

निवासी_डॉक्टर

मुंबईतल्या एका रुग्णालयात अस्थिरोग विभागात शिकतो आहे. तपासल्याशिवाय उपचार सांगणं बरोबर नाही, पण काका, तुमच्या मुलाच्या तक्रारीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लांबी नाही असं मला वाटतं. पाऊल बाहेर वळणं ही आहे.

हाड दोन तुकड्यांत तुटलं की त्यांचे दाते एकमेकांत बसवता येतात, जशी फुटलेली कपबशी जुळवावी तशी. मध्ये चुरा झाला की जुळवायला काही उरतच नाही. मग खालचा तुकडा वरच्याच्या तुलनेत किती फिरवायचा हे ऑपरेशन टेबलावर अंदाजाने आणि दुसऱ्या पायाशी ताडून ठरवावं लागतं. खालचे दोन स्क्रू बसले की जो पीळ असेल तो कायम. साध्या एक्स-रेमध्ये लांबी दिसते, वाकडेपणा दिसतो, पीळ मात्र सहज दिसत नाही. म्हणूनच तो राहून जातो.

घरी एक गोष्ट बघा. मुलाला पोटावर झोपवा, दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून तळवे छताकडे. आता दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला पडू द्या, मग एकेक करून आत आणा. उजवा पाय बाहेर कमी पडत असेल आणि आत जास्त येत असेल, तर मांडीच्या हाडात बाहेरच्या बाजूचा पीळ असू शकतो. जोर लावू नका.

नक्की करायला दोन्ही मांड्यांचं सीटी स्कॅन लागतं. त्यात खुब्याजवळच्या हाडाच्या मानेची एक रेषा आणि गुडघ्याजवळ हाडाच्या मागच्या दोन गोळ्यांना टेकणारी दुसरी रेषा काढतात. त्या दोन रेषांमधला कोन दोन्ही पायांत मोजून फरक बघतात. १५ अंशांपर्यंतचा फरक बहुतेक लोक निभावून नेतात. त्याच्या वर गेला आणि त्रासही असेल, तर हाड कापून, फिरवून, पुन्हा रॉड बसवण्याचा विचार होतो. लांबीचं म्हणाल तर २ सेंटीमीटरपर्यंत बहुधा बुटातली उंची पुरते.

तेव्हा सीटी झाल्याशिवाय कोणत्याच ऑपरेशनला हो म्हणू नका. रॉडचे कागद, म्हणजे कोणत्या कंपनीचा, किती जाडीचा, ते पहिल्या रुग्णालयातून मागून घ्या. काढायची वेळ आली तर अवजारं त्यानुसार लागतात. खर्चाचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दादरची_मावशी

बुटासाठी हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत जा, आमच्या यजमानांचा तिथेच केला. रस्त्यावर कोणाकडून टाच वाढवून घेऊ नका, नुसती टाच उंच झाली की पाऊल पुढे घसरतं. तळाला सगळीकडे उंची द्यावी लागते.

शिंपीकाका_लालबाग

मंडळी, उशीर झाला. फिरत होतो.

व्यायाम_उपचार ताई (की दादा, माफ करा), तुम्ही विचारलंत तेच निघालं. मुलाला नीट आठवत होतं, पहिल्या डॉक्टरांनी टेप बेंबीपासून लावला होता. मांडीचा घेर घेतला: डावी ४८, उजवी ४४ सेंटीमीटर. चार सेंटीमीटर. रोज त्याला समोर बघतो आणि मला हे दिसलं नव्हतं. वहीत लिहून ठेवलंय.

निवासी डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं रविवारी सकाळी खाटेवर पोटावर झोपवलं. डावा पाय बाहेर चांगला पडला, उजवा जवळजवळ उभाच राहिला. आत मात्र उजवा पार पलीकडे जाऊन डाव्याला अडला. त्याची आई म्हणाली, "हे माप तर आधीच कोणी घ्यायला हवं होतं." सोमवारी दुसऱ्या एका रुग्णालयात गेलो, सीटी झालं. डावीकडे कोन १४ अंश. उजवीकडे उणे ८. फरक २२. लांबी १.८ कमी, एक्स-रेवाल्यांचंच बरोबर.

तिथल्या मॅडमनी वेळ देऊन समजावलं. रिंगची गरज नाही म्हणाल्या. जुना रॉड काढायचा, हाड कापायचं, खालचा भाग आत फिरवायचा, नवीन रॉड घालायचा. लांबी थोडीफार त्यातच मिळाली तर बघू, नाहीतर बूट. पण सहा आठवडे आधी मांडीचा व्यायाम करून ताकद आणा, मग तारीख देते, असंही म्हणाल्या. मुलाने तिथेच हो म्हटलं, मला विचारलंही नाही. मला त्याचं बरं वाटलं.

हाजीअलीला गुरुवारी जातोय, तोवर सध्याच्या चपलेला १ सेंटीमीटर सबंध तळ लावून देतात का विचारीन.

रिंगवाला, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आणि फ्रेम असताना पॅंट काय घालत होता ते लिहा. दुकानात परवा एक गृहस्थ मुलीसाठी विचारायला आले, तिच्या नडगीला अशीच फ्रेम बसवली आहे. बाहेरची शिवण कमरेपर्यंत उघडी ठेवून नाडीने बांधावी की वेल्क्रो लावावं, आणि रिंगचा घेर पकडून मोहरी (पॅंटचा खालचा घेर) किती ठेवावी, हे तुम्हीच नीट सांगू शकाल.

आता माझा एकच प्रश्न उरला आहे. मोठ्या वयात मांडीच्या हाडाचा पीळ काढून घेतलेलं कोणी असेल तर सांगा, त्यानंतर मांडी घालून बसायला आणि पायमशीन चालवायला किती महिने लागले?